निळ्या पट्टीच्या शेठना

ठाकुरवाडी, गणपती उठल्यावर

प्रिय शेठ,


'प्रिय' हा शब्द हाताच्या सवयीने पडला, मनावर घेऊ नका.

तुमचं नाव, तुमच्या दुकानाचं नाव आणि दुकान ज्या गावात आहे त्याचं नाव, तिन्ही इथे मुद्दाम लिहिलेली नाहीत. फुकटची जाहिरात कशाला? तुम्हाला तुमची ओळख पटेलच. माझा पत्ता मात्र उघड आहे: ठाकुरवाडी. शोधत यायचा विचार असेल तर आधीच सांगतो, कर्जत-खालापुरात ठाकुरवाड्या इतक्या आहेत की कुरियरवाला फोन उचलल्या उचलल्या 'कुठली?' एवढंच विचारतो. बोरघाटात रेल्वेच्या एका केबिनलाही हेच नाव आहे.

आठवण करून देतो. जून महिना, पहिला पाऊस पडून गेलेला. तुमच्या दुकानाच्या पायरीजवळ आमच्या बायका शेवळं घेऊन बसल्या होत्या. तुम्ही एक जुडी उचललीत, दहा मिनिटं घासाघीस केलीत आणि शेवटी विचारलंत, "काकडं कुठायत?" कारण काकडं घातल्याशिवाय शेवळं घशाला खाजतात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. त्या बाईनं पदराच्या गाठीतून मूठभर काकडं काढून जुडीवर ठेवली. ती न देता नुसती शेवळं तुमच्या गळ्यात मारणं तिला जमलं असतं. तिनं तसं केलं नाही. हा मुद्दा मी पुढे पुन्हा काढणार आहे.

मग मी दुकानात शिरलो. तुम्ही विचारलंत, "मशीन कितवं?" म्हटलं, दोन हजार बाराचं. तुम्ही आधी हसलात, आणि मग एक्स-रे बघून डॉक्टर गप्प होतो तसे गप्प झालात. "काढून टाका. अडतीस हजारात नवं बसवून देतो." म्हटलं, मशीन बरं चाललंय, फक्त बाहेरून लावायची हार्ड डिस्क जलद चालायला हवी. तेव्हा तुम्ही काउंटरखालून ती चीज काढलीत, पोर्टांची पट्टी. निळी. "यूएसबी थ्री. साडेआठशे. बसवायचे दोनशे वेगळे."

हे मशीन आमच्या समाजमंदिराच्या कोपऱ्यात असतं. मुंबईच्या एका ऑफिसनं नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुन्यातला एक आम्हाला दिला. आत एच६१ बोर्ड आणि दुसऱ्या पिढीचा आय३. पोरं त्यावर फॉर्म भरतात, दहावीचा निकाल बघतात. पण खरा ऐवज डिस्कच्या पोटात आहे: वनहक्क दाव्यांचे स्कॅन, प्लॉटच्या मोजणीचे फोटो, पोरांचे जातीचे दाखले, आता हयात नसलेल्या म्हाताऱ्यांनी गायलेली गाणी, ढोलाच्या नाचाचे व्हिडिओ. वनहक्काचा कायदा २००६ चा. जमिनीवरचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असल्याचं दाखवावं लागतं, आणि दावा ग्रामसभेतून उपविभागाकडे, तिथून जिल्ह्याकडे जातो. या वाटेवर कुठला कागद कुठे अडकेल याचा नेम नसतो, म्हणून प्रत आपल्याजवळ हवी.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ती माणसं आमची. त्या रात्रीशेजारी थट्टा बसत नाही, म्हणून या परिच्छेदात तुमच्याबद्दल काही लिहीत नाही. माणसं गेली तिथे कागदांचं नाव काढू नये, हेही कळतं. पण त्यानंतर आमच्या वाडीनं बसून ठरवलं की जे काही आहे त्याची एक प्रत इथे राहील आणि एक डोंगरापासून लांब, पाहुण्यांच्या घरी. वर्गणी काढून दोन टीबीची डिस्क घेतली. दर पावसाळ्यात नवी पूर्ण प्रत काढायची.

आता हिशेब ऐका, तुम्हाला आवडतो. डेटा सहाशे जीबी. मशीनच्या मागचे पोर्ट यूएसबी दोनचे. हे दोन नंबर २००० साली आलं. कागदावर त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, आणि प्रत्यक्षात हातात पडतात तीस-पस्तीस. आम्हाला ३२ मिळत होते. सहाशे जीबीला झाले सव्वापाच तास.

सव्वापाच तास सलग वीज, तीही पावसाच्या तोंडावर! शेठ, आमच्या भागाला विजेची कमतरता नाही असं कागद सांगतात. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली येतं, त्याची वीज होते आणि ती आमच्या कौलांवरून मुंबईला जाते. जाताना आम्ही तिला बघतो. वाडीतला दिवा मात्र ढग गडगडला की डोळे मिटतो. पहिली प्रत चाळीस टक्क्यांवर गेली, दुसरी पंचावन्नवर, तिसरी एकाहत्तरवर. तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा समाजमंदिरात कोणी शिवीही दिली नाही. म्हणून तुमच्याकडे आलो होतो.

तुमच्या पोरानं येऊन फ्लॉपीच्या रिकाम्या कप्प्यात ती पट्टी बसवली. दोन पोर्ट, मोरपिसातला निळा जसा. बाया-बापड्या येऊन बघून गेल्या. मी डिस्क लावली, प्रत सुरू केली आणि आकडा बघितला: ३१. मागच्या काळ्या पोर्टातून ३२ यायचे. तो एक एमबी बहुधा रंगात मुरला असावा.

तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, "मशीनच जुनं, त्याला काय करणार? मी आधीच सांगितलं होतं." वा! पट्टीही तुमची आणि भविष्यवाणीही तुमचीच. पुढे असंही म्हणालात की जुन्या मशीनला यूएसबी थ्रीचा ड्रायव्हर मिळत नाही. मी गप्प बसलो. अडतीस हजारांची वर्गणी कशी निघेल याचा विचार दोन आठवडे करत राहिलो, खोटं कशाला सांगू.

मग गणपतीला वाडीची एक पोरगी घरी आली. पनवेलला डिप्लोमा करते. तिनं तुमच्या निळ्या पोर्टात मोबाइलची बॅटरी मारली आणि आतल्या पितळी पट्ट्या मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मला म्हणाली, "दादा, बाकीच्या पाच कुठायत?" यूएसबी तीनच्या पोर्टात नऊ पट्ट्या असतात म्हणे: जुन्या चार आणि नव्या पाच. मग तिनं कॅबिनेट उघडून वायर धरली. बोर्डावर ती जिथे खुपसली होती ती नऊ पिनांची, यूएसबी दोनचीच जागा. खऱ्या तीनच्या वायरीचा खटका एकोणीस पिनांचा, चांगला रुंद असतो, आणि तो बसायला आमच्या बोर्डावर जागाच नाही. शेवटी काळ्या पडद्यावर एक आज्ञा टाइप केली. तुमच्या निळ्यापुढे लिहून आलं ४८०. खऱ्यापुढे ५००० यायला हवं.

तिला म्हटलं, मला समजेल असं सांग. ती म्हणाली, "कर्जत-खोपोली लोकल. एकेरी लाइन. एक गाडी आली की मग दुसरी निघणार. यूएसबी दोनमध्ये डेटाचं तसंच, एका वेळी एकाच दिशेला. तीनमध्ये जायचा रूळ वेगळा, यायचा वेगळा, आणि त्या पाच जादा पट्ट्या म्हणजे ते रूळ. शेठनं रूळ टाकले नाहीत, स्टेशनाला रंग दिलाय."

काकडं नसलेली शेवळं, शेठ. निळा रंग हा कायदाही नाही, नुसती शिफारस आहे. काळ्या पोर्टातही खरं तीन असू शकतं आणि निळ्यात तुमच्यासारखं दोन. पायरीवरच्या त्या बाईला तुम्ही काकडं मागितलीत, कारण खाज तुमच्या घशाला येणार होती.

तुमच्या बाजूनंही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. नावांचा घोळ तुम्ही एकट्यानं केलेला नाही. २००८ साली जे यूएसबी ३.० म्हणून आलं, त्यालाच पुढे ३.१ जेन १ म्हणायला लागले आणि त्यानंतर ३.२ जेन १. वेग तोच, पाच गिगाबिट, बारसं तीनदा. ज्यांनी नियम लिहिले त्यांनीच असं केल्यावर गिऱ्हाईक गोंधळणार आणि दुकानदार त्या गोंधळात जाळं टाकणार. पण पट्ट्या मोजायला नियमाचं पुस्तक लागत नाही. चारापर्यंतची गिनती पुरते.

आणि मशीन भंगार होतं का? इंटेलनं यूएसबी तीन थेट चिपसेटमध्ये दिलं ते २०१२ च्या सात मालिकेपासून. आमचा एच६१ २०११ च्या घरातला. एका वर्षानं हुकला, एवढाच त्याचा गुन्हा. बोर्डावर मात्र बोटाच्या पेराएवढी एक रिकामी खाच होती, पीसीआय एक्सप्रेसची सगळ्यात छोटी. तुमच्या पोरानं वायर खोचताना त्या खाचेवरच हात टेकला होता. तिच्यातून सेकंदाला पाचशे एमबीपर्यंत वाट आहे. याहून जुन्या, जी४१ सारख्या बोर्डांत ती निम्मी, अडीचशेची. तरी फिरत्या डिस्कला पुरून उरते.

त्या खाचेत बसणारं कार्ड मिळतं, शेठ. चार खरे पोर्ट, नऊ-नऊ पट्ट्यांचे. आम्ही मोजूनच घेतले. सातशे ऐंशी रुपये पडले. पोरीनं एकच गोष्ट बजावली होती, कार्डाच्या अंगावर एसएमपीएसची वायर जोडायची जागा असली पाहिजे. यूएसबी तीनच्या एका पोर्टाला ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात, म्हणजे साडेचार वॉट. चारांचे झाले अठरा, आणि एवढा भार खाचेच्या भरवशावर टाकू नये. नाहीतर डिस्क नुसती टिकटिकते आणि माणूस डिस्कला नावं ठेवतो. ईसाटाचाही एक मार्ग होता, साटाची वायर मागच्या पत्र्यातून बाहेर काढायची. पण त्यात डिस्कला वीज वेगळी द्यावी लागते आणि आमची डिस्क त्या जातीची नव्हती.

बसवायला पंचवीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा झुरळं झटकण्यात गेली. ड्रायव्हरचं म्हणाल, तर मशीनवर लिनक्स आहे. त्यात यूएसबी तीनची सोय २००९ च्या सप्टेंबरापासून आहे, विंडोजमध्ये ती आतूनच मिळायला २०१२ चं विंडोज आठ उजाडलं. सीडी नाही, डाउनलोड नाही, काही नाही. पहिल्यांदा डिस्क लावली तेव्हा पुन्हा ४८० च आलं आणि क्षणभर तुमचंच खरं वाटायला लागलं. पोरगी म्हणाली, "दादा, नवरीला हात लावल्यासारखं काय घालताय? ठासा." प्लग सावकाश सरकवला तर जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि मशीन त्याला दोनच समजून मोकळं होतं. काढून ठासला. ५०००.

सेकंदाला ११० एमबी. सहाशे जीबी दीड तासात. आता अडवते ती डिस्क स्वतः. ५४०० फेऱ्यांची आहे बिचारी, याहून पळायचं तर एसएसडी लागेल. दीड तास वीज टिकली. टिकली म्हणजे प्रत संपल्यावर अकरा मिनिटांनी गेली.

तुम्ही कर्जतवरून गाडीनं पुण्याला जात असाल ना? वडा खाता तेव्हा कधी गाडीच्या शेपटाकडे बघितलंय? १८६३ पासून हा घाट आहे, चढ सदतीसला एक, आणि चढणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात. ती ढकलतात, गाडी वर जाते. रात्री आमच्या वाडीत त्यांची घरघर ऐकू येते. वंदे भारतला बँकर लागत नाही, मान्य. पण म्हणून कर्जतच्या स्टेशनमास्तरनं बाकीच्या गाड्यांतल्या माणसांना उतरवून "भंगार आहे, नवी घ्या" असं सांगितल्याचं ऐकिवात नाही. आणि मागच्या डब्याला निळा रंग देऊन "झाला बँकर" असंही कोणी म्हटलेलं नाही.

एक हजार पन्नास रुपये परत मागत नाही. ते मागायला यायचं तर जायचे-यायचे टमटमचे आणि बुडालेल्या दिवसाचे धरून आम्हीच तोट्यात जाऊ, हा हिशेब तुम्ही पट्टी विकतानाच केला असणार. पुढच्या जूनमध्ये बायका पायरीवर बसतील तेव्हा त्यांना बसू द्या, एवढं पुरे. काकडं त्या देतीलच.

कळावे, लोभ आहे तेवढाच असावा.

तुमचा,
दोन हजार बाराच्या मशीनवाला

ता. क. पट्टी काढून फेकणार होतो, पण राहिली. झालं असं की यूएसबी तीन जोरात चाललं की आसपासच्या बिनवायरीच्या उंदराला त्रास होतो. दोघांच्या लहरी एकाच पट्ट्यात येतात म्हणे. नव्या कार्डाशेजारी माऊसचं बोंडूक लावलं तर बाण पडद्यावर ताडी प्यायल्यासारखा चालायचा. त्याला लांबचा, सावकाश, यूएसबी दोनचा पोर्ट हवा होता. तो पुढे फ्लॉपीच्या कप्प्यात तयारच मिळाला. निळा.