सध्याराव

त्याचं खरं नाव फ्लॅटच्या पाटीवर, मेंटेनन्सच्या पावतीवर आणि पासपोर्टात तेवढं शिल्लक आहे. बाकी आमच्या अख्ख्या सोसायटीत तो सध्याराव. लिफ्ट तळमजल्यावरून अकराव्यावर पोचेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात तो ‘सध्या मी वाचतोय...’पासून सुरुवात करून पुस्तक, लेखक, अनुवादक, मुखपृष्ठ कोणाचं, छपाई कशी, असं करत ‘तू अजून वाचलं नाहीस?’पर्यंत येतो. आपण उत्तरासाठी तोंड उघडावं, तर त्याआधी लिफ्टचं दार उघडतं. तो उतरतो. आपण अडाणी अवस्थेत त्याच्या मागोमाग उतरतो.

वाकडमध्ये सोसायटीगणिक एक सध्याराव असतो. कस्पटे वस्तीत आहे, दत्त मंदिर रस्त्यावर आहे. भूमकर चौकाजवळच्या एका मोठ्या संकुलात तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण पहिला सध्या मुराकामी वाचतोय आणि दुसऱ्याचा मुराकामी ‘कॉलेजात असतानाच झाला’. हे पीक इथंच का येतं, याचा मी थोडा विचार केला आहे. पुण्याच्या पेठांत ‘काय वाचताय?’ असं विचारायची सोय नाही. ‘तुम्हांला काय करायचंय?’ हे उत्तर तिथं तयार असतं. वाकडला मात्र सगळे बाहेरून आलेले. कोणी बार्शीचा, कोणी यवतमाळचा, कोणी चाळीसगावचा. कूळ-गाव सांगून इथं कोणाला काही कळत नाही, पगार विचारता येत नाही, गाड्या सगळ्यांच्या सारख्याच आणि सगळ्यांच्या हप्त्यावर. मग शेजाऱ्याहून आपण निराळे आहोत हे सांगायचं कशाने? सध्यारावाने त्यासाठी पुस्तक निवडलं. शेजारच्या विंगमधल्याने सायकल निवडली आहे. त्यापेक्षा हे बरं, पुस्तक निदान पार्किंगमध्ये आडवं येत नाही.

तो वाचत नाही असं मात्र कोणी म्हणू नये. तो भरपूर वाचतो. फक्त प्रत्येक पुस्तक चाळिसाव्या पानापर्यंत वाचतो. भालचंद्र नेमाड्यांची ‘हिंदू’ आली २०१० साली. सध्यारावाने ती त्याच वर्षी घेतली, तेव्हा तो काळेवाडीत भाड्याने राहत होता. नंतर तो रहाटणीला आला, मग लग्न झालं, मग कर्ज काढून वाकडला आला. ‘हिंदू’ प्रत्येक वेळी टेम्पोत पुढच्या सीटवर, त्याच्या मांडीवर बसून आली. तिचा नायक खंडेराव मात्र अजून मोहेंजोदारोच्या उत्खननातच आहे. तिकडे मोरगावात वडील आजारी आहेत, सगळे त्याची वाट बघताहेत. पण सध्याराव पुढचं पान उलटेल तेव्हा तो बिचारा घरी पोचणार. भैरप्पांच्या ‘पर्व’चीही तीच गत. उमा कुलकर्णींचा अनुवाद किती सरस आहे यावर सध्याराव अर्धा तास बोलतो, पण त्याच्या प्रतीतला शल्य अजून मद्रदेशात कोणाच्या बाजूने लढावं याचा विचार करतोय. महाभारताचं युद्ध आमच्या बी विंगमध्ये आजवर झालेलंच नाही.

त्याच्या कपाटातली पुस्तकं काढून बघितली तर आत खुणेसाठी घातलेल्या कागदांवरून इतिहास लिहिता येईल. एकात डांगे चौकातल्या झेरॉक्सवाल्याची पावती. एकात तळेगावच्या टोलची. एकात २०२१ मधला लसीचा कागद. एका जाडजूड चरित्रात मुलाच्या बालवाडी प्रवेशाचं टोकन सापडलं. मुलगा सध्या आठवीत आहे. २०१६ च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीला भरलं होतं, एकोणनव्वदावं. तिथल्या ग्रंथदालनातून सध्यारावाने पोतंभर पुस्तकं आणली. त्यांतल्या बहुतेकांत खूण म्हणून संमेलनाचीच पत्रकं आहेत.

शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ मात्र त्याने पुरतं वाचलेलं आहे. दहावीच्या सुट्टीत, बार्शीला, गच्चीवर. पण ते तो कधी सांगत नाही. कर्णासाठी रडणं महाराष्ट्रात इतकं सार्वत्रिक आहे की त्यातून माणूस वेगळा दिसत नाही.

वहिनींबद्दलही सांगायला हवं. त्या वाचतात. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, मुलाच्या क्लासबाहेर गाडीत बसून, दळण येईपर्यंत. काय वाचतात हे त्या कोणाला सांगत नाहीत आणि कोणी विचारतही नाही, कारण सध्याराव शेजारी उभा असताना तो प्रश्न वहिनींपर्यंत पोचतच नाही. रात्री दिवा घालवल्यावर तो हळूच विचारतो, ‘शेवटी काय होतं गं त्यात?’ त्या कुशीवर वळून चार वाक्यांत सांगतात. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये तो म्हणतो, ‘शेवट जरा घाईत उरकलाय, नाही?’ हे मला कसं कळलं ते विचारू नका. आमच्या दोन फ्लॅट्सच्या मधली भिंत चार इंची आहे.

तर मागच्या ऑक्टोबरात कमिटीने वाचन प्रेरणा दिन करायचं ठरवलं. डॉ. कलामांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, हा दिवस राज्यभर २०१५ पासून साजरा होतो. शाळांतून दप्तर बाजूला ठेवून मुलं वाचतात. आमच्याकडे दप्तराऐवजी लॅपटॉप बाजूला ठेवून मोठ्यांनी बोलायचं होतं. विषय: ‘मी सध्या काय वाचतोय’. प्रत्येकी दोन मिनिटं. सूत्रसंचालन कोणाकडे गेलं हे सांगायला नको.

क्लबहाऊस भरलं. पहिल्या सहा वक्त्यांपैकी चौघे हरारीचं ‘सेपियन्स’ वाचत होते. चौघांनीही आगीचा शोध आणि गहू एवढंच सांगितलं, त्यावरून चौघे साधारण एकाच पानावर असावेत. एकजण पैसे कसे वाढवावेत याचं पुस्तक वाचत होता; त्याला टाळ्या जास्त पडल्या. मग ई विंगमधल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘मी नारायण धारप वाचते. आणि मग रात्री पाणी प्यायला जायचं तर ह्यांना उठवते.’ सगळे मनापासून हसले. हसता हसता तीन-चार जणांनी, आपणही तेच करतो, अशा नजरेने एकमेकांकडे पाहिलं. पण कोणी हात वर केला नाही. धारप, अर्नाळकर, शिरवळकर यांच्यावर ज्यांचं बालपण पोसलं ती माणसं माइक हातात आली की हरारीच्या आश्रयाला जातात. आवडीने वाचायचं एक आणि सांगायचं दुसरं, ही वाटणी मराठी घरांत फार जुनी आहे. पाठ्यपुस्तकात घालून रहस्यकथा वाचणारी पिढीच आता मोठी होऊन स्टेटस ठेवते आहे.

शेवटी सध्याराव स्वतः उभा राहिला. त्या दिवशी त्याला काहीतरी निर्वाणीचं सांगायचं असावं. त्याने कुर्त्याची बाही सरळ केली आणि म्हणाला, ‘मित्रहो, फिरून फिरून माणूस मुळाकडे येतो. सध्या मी ज्ञानेश्वरी वाचतोय.’

इथं घात झाला. पहिल्या रांगेत अण्णा बसले होते.

अण्णा म्हणजे मूळचे वाकडकर. आमची इमारत उभी आहे तिथं त्यांची ज्वारी असायची. जमिनीच्या बदल्यात जे फ्लॅट मिळाले त्यांतल्या एकात ते राहतात, बाकीच्यांत आमच्यासारखे भाडेकरू. त्यांनाही मघाशी माइक दिला होता. ‘सातबारा सोडून सध्या काय वाचत न्हाय’ एवढं म्हणून त्यांनी तो परत केला होता. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची गंमत. ज्ञानेश्वरीचं नाव ऐकताच अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

‘कितवा अध्याय, साहेब?’

‘अं... पहिला. म्हणजे सावकाश, समजून घेत.’

‘मग या की सप्त्याला. दत्तजयंतीला आपल्या गावठाणात पारायण अस्तंय. एक पाट रिकामा हाय.’

दोनशे माणसांसमोर मिळालेलं आमंत्रण. नाही म्हणायला कारण नव्हतं. सध्यारावाची शिफ्ट दुपारी एकला सुरू होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्यानेच सांगितलेलं की सकाळ मी वाचनासाठी राखून ठेवतो.

आयटीतल्या वाकडला हे दुसरं वाकड फक्त लाउडस्पीकरवरून माहीत आहे, आणि तेही तक्रारीपुरतं. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी प्रवचन आणि हरिपाठ, रात्री कीर्तन, मग जागर. असे सात दिवस. इकडे आळंदी, तिकडे देहू, या पट्ट्यातल्या गावांचा हा परिपाठ कंपन्या यायच्या कितीतरी आधीचा. सध्याराव पहिल्या दिवशी लग्नातला सिल्कचा झब्बा घालून गेला. पांढऱ्या टोप्यांच्या रांगेत तो एकटा जांभळा दिसत होता.

आणि त्याला पहिल्यांदाच असं पुस्तक भेटलं, जे तो खाली ठेवू शकत नव्हता. अक्षरशः. व्यासपीठ चालक एक ओवी उचलणार, शे-दीडशे माणसं ती एका आवाजात म्हणणार, की लगेच पुढची. सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत म्हणायच्या, मग थांबणार कोण? एक सुंदर ओवी आली म्हणून त्याने फोटो काढायला मोबाइल काढला; तेवढ्यात गाडी वीस ओव्या पुढे गेली आणि शेजारच्या आजींनी चष्मा न उचलता त्याच्या पोथीतल्या ओळीवर बोट ठेवून दिलं. अर्जुनाच्या विषादावर त्याला एक मुद्दा मांडायचा होता. कोणाला मांडणार? सगळ्यांचं तोंड गुंतलेलं. तिसऱ्या दिवशी त्याने खूण म्हणून पेट्रोलची पावती आत ठेवली. चौथ्या दिवशी ती कुठे होती हे बघण्याची गरजच पडली नाही, पोथी आपोआप उघडत होती. पायांना मुंग्या, घसा बसलेला, हिंजवडीच्या कॉलवर ‘आर यू अनवेल?’ अशी विचारणा. एकट्या अठराव्या अध्यायात अठराशेच्या वर ओव्या आहेत. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा वहिनींनी शेवट काय होतो हे सांगायची गरज उरली नव्हती. त्यांना फार करमलं नाही, असं भिंतीवरून वाटलं.

काल्याच्या दिवशी मीही गेलो होतो, महाप्रसादाला. पंगतीत अण्णा वाढत होते. सध्याराव माझ्या शेजारी, कपाळाला बुक्का, चेहऱ्यावर सीमेवरून परतलेल्या माणसाचं तेज. शेवटचं पान उलटल्याचा आनंद आयुष्यात इतक्या उशिरा लाभला की तो त्याला पचवता येत नव्हता. अण्णा आमटीचं भांडं घेऊन समोर येताच तो म्हणाला, ‘अण्णा, पुढच्या वर्षी काय घ्यायचं? गाथा? की दासबोध?’

‘हीच की.’

‘हीच? पण ज्ञानेश्वरी तर आपली वाचून झाली!’

अण्णांचा पळी धरलेला हात थांबला. पासष्ट-सत्तर वर्षं ते ह्या पाटावर बसत असतील. त्यांच्या आधी वडील बसायचे. त्यांनी मागे वळून नातवाला हाक मारली. ‘आरं ए, पाव्हण्यांची ज्ञानेश्वरी वाचून झाली बघ!’

पंगत पहिल्यापासून शेवटपर्यंत हसली. आजीसुद्धा. सध्याराव लाल झाला, पण माणूस हुशार. भाताचा डोंगर फोडता फोडता त्याच्या डोक्यात काहीतरी फिरत होतं, ते मला दिसत होतं. रात्री दहाला त्याचं स्टेटस आलं. पोथीचा फोटो, शेजारी तुळशीचं पान, आणि खाली: ‘सध्या: पुनर्वाचन.’

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याने मला विचारलं, ‘तुझं पहिलं वाचन तरी झालंय का?’