चारशे किलोमीटर आणि अठ्ठेचाळीस पायऱ्या

अमळनेरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं ठरलं, की घरातली माणसं आधी किलोमीटर मोजायला बसतात. धुळे गाठायचं, तिथून आग्रा रोडने मालेगाव, चांदवड, नाशिक, मग सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण. सगळं मिळून ४०० च्या आसपास. हा आकडा सांगताना आवाज असा काही खाली जातो, की सामान पायीच निघालंय असं वाटावं. वास्तविक या ४०० किलोमीटरांत सामानाला काहीच करायचं नसतं. गोदरेजचं कपाट ताडपत्रीखाली उभ्या उभ्या राहुड घाट चढतं, चंदनापुरीचा घाट ओलांडतं, चाकणच्या कोंडीत निमूट थांबतं. त्याला भूक लागत नाही, गाडी लागत नाही आणि ‘नाशिक आलं का?’ असं ते दर दहा मिनिटांनी विचारत नाही. इतका समजूतदार प्रवासी एसटीला आजवर मिळालेला नसेल. त्याचा खरा प्रवास होतो तो आधी आणि नंतर: इकडे तिसऱ्या मजल्यापासून गाडीच्या फाळक्यापर्यंत, आणि तिकडे सोसायटीच्या गेटपासून नव्या उंबऱ्यापर्यंत. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. फोनवर किलोमीटर विचारणाऱ्या पॅकर्स-मूव्हर्सला नमस्कार करावा आणि पायऱ्या विचारणाऱ्याला चहा पाजावा.

पुरावा जिन्यातच सापडतो. तालुक्याच्या गावातल्या तीन मजली अपार्टमेंटमध्ये लिफ्टची जागा नकाशात असते. प्रत्यक्षात तिथे सायकली आणि उरलेल्या फरशा असतात. मजल्यामागे १६ पायऱ्या धरल्या तर तिसऱ्या मजल्यापर्यंत ४८ होतात, आणि दर ८ पायऱ्यांनंतर एक वळण. या वळणावर दिवाण अडकतो. तो वर कसा गेला होता, यावर तिथेच परिसंवाद सुरू होतो. उत्तर साधं असतं: तो गेला तेव्हा जिन्याला कठडा बसलेला नव्हता. आता वरचा हमाल म्हणतो ‘तुझ्याकडे घे’, खालचा म्हणतो ‘माझ्याकडे भिंत आहे’, आणि मधला काहीच म्हणत नाही, कारण त्याचं बोट दिवाण आणि कठड्याच्या मध्ये असतं. नेमका त्याच वेळी खालून दूधवाला येतो. धुळ्याहून नाशिक गाठायला लागते त्यापेक्षा जास्त कसोटी या सहा फुटांत लागते. आणि सामान तरी कसलं? दगडी पाटा, लोखंडी खलबत्ता, गव्हाची कोठी आणि पुरणपोळीचं मातीचं खापर. खापर गोल, वरून फुगीर, आतून पोकळ आणि भाजून तयार झालेलं. कुठल्याही खोक्यात ते बसत नाही आणि कुठल्याही खोक्यावर ठेवता येत नाही. त्यात बदल्या आणि शाळांच्या सुट्ट्यांमुळे ही हलवाहलव नेमकी वैशाखात येते. म्हणजे गच्चीवर बिबडे आणि कुरडया अर्धवट वाळलेल्या, आणि बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरलेली. अशा दिवसांत गाडीची तारीख धरताना पंचांग पाहणं ही अंधश्रद्धा नव्हे, वाहतूक नियोजन आहे.

आता कंपनी कशी निवडायची? फोनवर एकच प्रश्न विचारणारे पुष्कळ मिळतात: ‘वन बीएचके की टू?’ उत्तर दिलं की अर्ध्या मिनिटात भाव. पण टू बीएचकेत लग्न होऊन वर्ष झालेलं जोडपंही राहतं आणि तीन पिढ्यांची पितळी भांडीही राहतात. डिझेल सगळ्यांना सारखंच महाग, टोलनाका कुणाच्याही ओळखीचा नसतो. मग दोन कंपन्यांच्या दरांत एवढी तफावत पडते कुठे? ती माणसांत पडते: किती हमाल, किती तास, किती गोणपाट आणि बबल रॅप, आणि गाडी पूर्ण आपली की दुसऱ्याच्या मालाबरोबर. स्वस्त भावात बहुधा पार्ट लोड दडलेला असतो. म्हणजे सामान वाटेत एखाद्या गोदामात उतरतं, दोन दिवस परक्यांच्या खुर्च्यांशी ओळख करून घेतं आणि पुन्हा चढतं. प्रत्येक चढ-उतार म्हणजे न सांगितलेला एक मजला. तेव्हा जो माणूस घरी येतो, दिवाणाची कड उचलून पाहतो, कोठीला टिचकी मारतो आणि विचारतो, ‘तिकडं लिफ्ट सामानाची वेगळी आहे का? किती ते किती वाजेपर्यंत देतात? गाडी गेटच्या आत घेतात का?’ त्याचा दर चार पैसे जास्त असला तरी तो प्रवासाचा दर सांगतोय. बाकीचे नकाशाचा सांगतात.

यावर खान्देशात पहिला आक्षेप ठरलेला: ‘कंपनी कशाला? छोटा हत्ती करू, गल्लीतली पोरं आहेत, हुई जाई भो.’ इकडची बाजू होते, यात शंका नाही. गल्लीतली पोरं दिवाण उतरवतात, आणि उतरवताना दुसऱ्याचाही उतरवतील इतका त्यांना उत्साह असतो. पण ती पोरं पुण्याच्या अकराव्या मजल्यावर नसतात. तिथे वॉचमन रजिस्टर पुढे करतो, सोसायटीचं पत्र मागतो, लिफ्टची वेळ संपली म्हणतो आणि चालक म्हणतो, माझं काम गाडी चालवणं. शिवाय छोटा हत्ती नावाने हत्ती असला तरी पाऊण टनाच्या आसपासचा जीव आहे. पूर्ण संसाराला त्याच्या दोन फेऱ्या लागल्या तर वाचलेले पैसे राहुडलाच संपतात. दुसरा आक्षेप रेल्वेचा. तापी खोऱ्यातली ही सुरत-भुसावळ लाईन गावाला आहे, हे खरं. पण रेल्वे आजवर कुणाचा जिना चढलेली नाही. तिसरा आक्षेप तरुणांचा: सगळं विकून टाका, तिकडे नवीन घ्या. हिशेबाने हा बिनतोड आहे. फक्त तो खापराला लागू करून दाखवावा, तेही घरातल्या आजीसमोर.

मोठ्या स्थलांतराचं उदाहरण म्हणून कुणी विप्रोकडे बोट दाखवेल. १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाने याच गावात वनस्पती तुपासाठी निघालेली कंपनी आज बेंगळुरूत बसून जगाला संगणकसेवा पुरवते. पण नीट पाहा. नाव गेलं, मुख्यालय गेलं, धंदाच बदलला. अमळनेरचा कारखाना मात्र जागेवर राहिला. ज्याला जड सामान जागेवर ठेवता येतं, त्याचं स्थलांतर यशस्वी होणारच. तुमचा-आमचा पाटा मागे ठेवायला तालुक्यात जागा नसते. आणि ज्या गावात १९१६ पासून अद्वैताच्या अभ्यासासाठी तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे, तिथेही खोक्यांवर ‘आईचं’, ‘सुनेचं’ आणि ‘देवाचं’ असं जाड मार्करने लिहावंच लागतं. नाही लिहिलं तर पुण्यात द्वैत पेटतं.

राहता राहिला कागद. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. त्याच्या नावाखाली कुणी रक्कम लावली तर ती खोडायला लावावी. बिल्टी मात्र सोडू नये, आणि तिच्यावर ‘ओनर्स रिस्क’चा शिक्का पडला आहे का तेही पाहावं. भावात ‘इन्शुरन्स’ असा शब्द दिसला तर विमा कंपनीची पॉलिसी मागावी. पुष्कळदा तो नुसता शब्दच असतो. आणखी एक मेख २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यात आहे. मालाची किंमत लिहून देऊन जादा जोखमीचा दर आधी कबूल केला नसेल, तर नुकसानीची जबाबदारी ठरावीक मर्यादेपर्यंतच राहते, आणि दावा लावायचा तर आधी १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तेव्हा यादी करून प्रत्येक वस्तूपुढे रक्कम लिहावी. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांचं दहा मिनिटांत उरकतं. मुरलेल्या लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीपुढे कोणता आकडा घालायचा, यावर घरात एकमत होईपर्यंत गाडीची तारीख देऊ नये.