बीडवाले सर

नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी कोणीतरी सांगतंच, "आपले सर बीडवाले." पोरगं अंबाजोगाईकडचं असलं तर खुलतं आणि थेट सरांना गाव विचारतं. सर सदाशिव पेठेतले. त्यांचे बीड म्हणजे मणी. डोळ्यांना मैदा वाटावा इतके बारीक, पॉलिमरचे, गोल. ते कॉलममध्ये भरायचे, वरून प्रथिनांची खिचडी सोडायची आणि खालून एकेक प्रथिन वेगळं काढून घ्यायचं. अर्थात मण्यांशी सरांना फारसं देणंघेणं नाही. त्यांचा जीव मण्यातल्या भोकांत.

"भरीव काय, कोणीही करतं," असं ते म्हणतात आणि आपल्या आयुष्यातलं सगळं भरीव एका वाक्यात निकालात निघतं.

भोकांची कृती ते पाहुण्यांच्या भाषेत समजावतात. स्टायरिन, डायव्हिनाइलबेंझिन आणि चिमूटभर पेरॉक्साइड पाण्यात ढवळून थेंब करायचे आणि गरम करत राहायचं, म्हणजे थेंबाचा मणी होतो. पण थेंबात आणखी एक द्रव असतो, पोरोजन. तो काम काही करत नाही, नुसती जागा अडवतो. मणी घट्ट झाला की त्याला धुऊन बाहेर काढायचं. मागे राहतात ती भोकं. टोल्युइनसारखा गोडबोल्या पाहुणा शेवटपर्यंत सगळ्यांत मिसळून राहतो, त्याची भोकं बारीक. हेप्टेनसारखा फटकून वागणारा असला की पॉलिमर लवकर त्याच्यापासून वेगळं होतं आणि भोकं मोठी पडतात. सरांकडे कोणी मुक्कामाला आलं की आम्ही हळूच विचारायचो, हे टोल्युइन की हेप्टेन?

एकदा मी ग्रॅमला सहाशे चौरस मीटर पृष्ठभाग आल्याचा रिपोर्ट नाचवत त्यांच्या खोलीत गेलो. त्याच आठवड्यात सर बाणेरला फ्लॅट बघून चिडून आले होते. कागदाकडे न बघताच म्हणाले, "हा सुपर बिल्टअप झाला. कार्पेट किती?" मला आधी कळेना, मग उमगलं. हा आकडा नायट्रोजन वायू शोषवून काढलेला. नायट्रोजनचा रेणू चिमुकला, तो कुठल्याही फटीत शिरतो. अँटिबॉडी दहाएक नॅनोमीटरची. तिला ऐसपैस ये-जा करायला दार त्याच्या कितीतरी पट रुंद लागतं. मी प्रथिन लावून पाहिलं. सहाशे चौरस मीटरच्या माझ्या वाड्यात ते जेमतेम ओसरीवर टेकलं. टेकलं ते चिकटलं, आणि निघता निघेना. नुसत्या स्टायरिनला प्रथिनं अशीच घट्ट चिकटतात, वरून पाणी मानवणारा लेप द्यावा लागतो, हे सरांनी मला आधी सांगितलं होतं. म्हणजे तसं ते म्हणतात.

स्टररला हात लावायची कोणाला परवानगी नाही. फेरे वाढले तर मणी बारीक, कमी झाले तर जाड. आवाजावरून सर गती ओळखतात, मग खोलीत कोणी भाषण का करत असेना. एकदा ऐन चिकट अवस्थेत लाइट गेली. स्टरर थांबला, थेंब एकमेकांच्या गळ्यात पडले आणि फ्लास्कमध्ये पांढरा गोळा बसला, दांड्यासकट. सरांनी काच फोडून तो बाहेर काढला. आज त्यांच्या टेबलावर प्रबंधाचे कागद त्याच्याखाली असतात. पोरोजन जास्त पडून मणी कॉलमच्या दाबाखाली चिरडले तर मात्र ते चिडत नाहीत. नुसतं म्हणतात, "हसले रे." घरात तुपात अनारसे विरघळलेले ज्यांनी पाहिलेत त्यांनाच हे कळतं. आमच्यातल्या एका तमिळ मुलीला वर्षभर वाटत होतं की सर आपल्याला हसतात.

त्यांचं दैवत नॉर्वेत. सगळे मणी एकाच मापाचे व्हावेत म्हणून अमेरिकेने 1980च्या दशकात ते स्पेस शटलमध्ये, वजनरहित अवस्थेत करून पाहिले. ट्रॉन्डहेमच्या जॉन उगेलस्टाड यांनी तेच जमिनीवर, प्रयोगशाळेतच जमवलं: आधी एकसारखं बारीक बी करायचं, मग ते टप्प्याटप्प्याने फुगवायचं. "हरभरे भिजवल्यासारखं," सर म्हणतात. "त्याला रॉकेट कशाला?" चाळण्यांवर चाळण्या लावून आठवडाभर मणी चाळणाऱ्या आम्हा पोरांसमोर हे बोलताना त्यांचा गळा दाटून येतो.

दिवाळीत काकूंनी आम्हाला फराळाला बोलावलं. ताटात अनारसे आले. सरांनी एक उचलला, उजेडात धरला, खसखशीच्या बाजूची जाळी चष्मा वर करून पाहिली. आम्ही श्वास रोखून बसलो.

"जाळी उत्तम," ते म्हणाले. "पण साइज डिस्ट्रिब्युशन बघ की जरा. हा केवढा, तो केवढा."

"खायचेत," काकू म्हणाल्या. "कॉलममध्ये नाही भरायचेत."

सर गप्प झाले आणि ताटातले बारके बारके वेचून आधी खाऊ लागले. फाइन्स आधी काढाव्या लागतात.