शंभर क्विंटलचा कॅमेरा

भंडारा जिल्ह्यात पैसा धानात मोजला की लवकर समजतो. निकॉनने जून 2024 मध्ये झेड 6 थ्री हा मिररलेस कॅमेरा आणला. तेव्हा नुसती बॉडी अडीच लाखांच्या घरात होती. 2024-25 साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये होता. म्हणजे आधारभूत केंद्रावर शंभराहून जास्त क्विंटल धान मोजून द्यायचं, चुकाऱ्याची वाट पाहायची आणि तो आला की लेन्ससाठी उधारी शोधायची.

तुळशीचं लग्न लागलं की इथे माणसांची लग्नं निघतात, आणि लग्नाचे फोटोवाले याच हिशेबाला बसतात. समजा, भाऊंच्या गळ्यात निकॉनचाच 2014 चा डी 750 आहे. त्याचे मेगापिक्सल 24.3. नव्याचे 24.5. दहा वर्षांत 0.2 ची घसघशीत प्रगती! बॅटरीने तर उलटीच वाट धरली: कंपनीच्याच आकड्यानुसार जुना एका चार्जवर 1230 फोटो काढतो, नवा चारशेच्या आत दमतो. जुनी 50 एमएमची डी लेन्स निकॉनच्या अडॅप्टरने बसते खरी, पण फोकस हातानेच फिरवायचा.

मग नव्यात आहे काय? शटर अगदी बिनआवाजी. हे सुख उपभोगायचं कुठे, तर डीजेच्या भिंतीसमोर. चांदण्यापेक्षा कमी उजेडात फोकस होतो म्हणतात. आपल्या मांडवात हॅलोजन असा पेटलेला असतो की नवरदेवाच्या मुंडावळ्यांखालून घामाचे ओघळ निघतात. अंतरपाट खाली येताना सेकंदाला 20 रॉ फोटो मिळतात. त्यातला एक निवडायला रात्र जाते, आणि तो एकही शेवटी व्हॉट्सॲपवर चेपला जाऊन मामाच्या स्टेटसला लागतो.

"अजी, जुन्या कॅमेऱ्यात नवरी येत नाही का जी?" घरचा हा प्रश्न कुठल्याच यूट्यूब रिव्ह्यूत नसतो.

तिकडे अभयारण्याच्या पवनी गेटवर जिप्सीत बसणाऱ्या हौशी साहेबांचं कारण वेगळं: नवा कॅमेरा वाघाचा डोळा आपसूक धरतो. उमरेड-कऱ्हांडल्यात 'जय' वाघाचे फोटो काय कमी निघाले होते? एप्रिल 2016 मध्ये तो रेडिओ कॉलरसकट बेपत्ता झाला. डोळा सोडा, अख्खा वाघ सापडला नाही.

तरीही एक गोष्ट कबूल करायला हवी. डी 750 चा व्हिडिओ फुल एचडीवर थांबतो, नव्याचा 6 केपर्यंत जातो, आणि हल्ली नवरीकडचे अल्बमआधी रील मागतात. ज्याची निम्मी कमाई व्हिडिओवर आहे, त्याने खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी मोठ्या लग्नापुरता नागपुरातून भाड्याने आणावा, आणि विकतच घ्यायचा असेल तर आधी चुकारा खात्यात जमा होऊ द्यावा.