निनावी आबा, मुक्काम उत्रोली

पंतसचिवांचे भोर संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले खरे, परंतु संस्थानी दफ्तराची भाषा मौजे उत्रोली येथील आबांच्या जिभेवरून अद्याप खालसा झालेली नाही. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी भातखाचरे पाहावीत आणि नातवंडे सांभाळावीत, अशी कुटुंबाची रास्त अपेक्षा असताना, त्यांनी ऑनलाइन शतशब्दकथा-स्पर्धांत उडी घेतली. शतशब्दकथा म्हणजे मोजून शंभर शब्दांची गोष्ट. आबांची कथा बहुतांशी ‘उपरोक्त विषयास अनुसरून’च चालते आणि शेवटच्या चार शब्दांत नायक मरतो.

या स्पर्धांचा दंडक असा, की कथा निनावी प्रसिद्ध व्हावी, ज्याला आवडेल त्याने खाली ‘+१’ नोंदवावे आणि लेखकाचे नाव निकालानंतरच उघड व्हावे. म्हणजे मत पडते ते कथेला, ओळखीला नव्हे. नाव झाकण्याची कला मराठीला नवी नाही. नारायण मुरलीधर गुप्ते ‘बी’ या एका अक्षराआड असे दडले, की हा कवी कोण, हे कुतूहल वाचकांना दीर्घकाळ पुरले. आबांचे गुपित मात्र दूध संकलन केंद्रावर पहिली किटली रिकामी होण्याच्या आत फुटते, कारण ते फोडण्यासाठी आबा पहाटेच तेथे जातीने हजर असतात. “नाव सांगायचं नाही, नियम आहे,” असे कुजबुजत ते एकेकाचा मोबाइल मागून घेतात, चष्मा कपाळावर सारून त्यावर खाते उघडतात, स्वहस्ते ‘+१’ उमटवतात आणि “मतदान गुप्त असतं हो!” अशी ताकीद देऊन तो परत करतात. वास्तविक हा खटाटोप अनावश्यक आहे. न्यूयॉर्कात घडणाऱ्या त्यांच्या कथेतही भाटघरचे धरण भरून वाहते आणि आंबेमोहराचा घमघमाट सुटतो, त्यामुळे तालुक्यात लेखक कोणाला विचारावा लागत नाही.

पराभवानंतर आबांना न्याय आठवतो. ज्याचा गोतावळा मोठा त्याचीच कथा मोठी ठरणार असेल, तर परीक्षक कशाला, खानेसुमारी पुरे, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो बिनतोड आहे, हे मला मान्य करावेच लागते. केवळ त्यांचा गोतावळा कमी पडला तरच तो त्यांना सुचतो, एवढेच.

गेल्या खेपेस एका कथेवर ते लुब्ध झाले. वृद्धेच्या चष्म्याच्या रिकाम्या डबीची ती गोष्ट होती. “ही पुण्याच्या कोण्या प्रथितयश लेखकाची लेखणी, आपल्यापासून लपायची नाही,” असे ओसरीवर जाहीर करून, जन्मात प्रथमच, त्यांनी परक्याला ‘+१’ दिले. तीच कथा पहिली आली. लेखिका निघाल्या त्यांच्याच सूनबाई, ज्या आबांचे मोडीवळणी हस्ताक्षर लावून त्यांच्या कथा मोबाइलवर उतरवीत आल्या होत्या आणि ज्यांनी स्वतःच्या कथेसाठी घरातले एक मतही मागितले नव्हते.

त्याच सायंकाळी आबांनी तक्रारअर्ज सांगावयास घेतला : एकाच छपराखालील दोन स्पर्धक, सबब निकालाची फेरतपासणी व्हावी. सूनबाईंनी तो मुकाट्याने टंकला, ‘पक्षपात’चे शुद्धलेखन सुधारले आणि विचारले, “आबा, निनावी पाठवू की नावानिशी?”

आबा क्षणभर घुटमळले.

“नावानिशी,” ते म्हणाले. “आणि खाली लिही, विजेत्या लेखिकेचे सासरे.”