गजाचा नेम

आमचं घराणं शिकाऱ्यांचं. हे वाक्य मी बत्तीस वर्षं शाळेच्या स्टाफरूममध्ये वापरलं. जादा तास माझ्या माथी मारले जायला लागले, की मी खिडकीतून लांब कुठेतरी बघायचो आणि हे वाक्य टाकायचो. समोरचा जरा चपापायचा. तास माझ्याच माथी पडायचे, पण चपापायचा. पुरावा म्हणून घरी आजोबांचा फोटो होता. हातात बंदूक, मिशीला पीळ, एक पाय उंचावर, मागे धबधबा. पायाखालचं जनावर एवढं मोठं होतं की चौकटीत मावलं नाही, असं मी पाहुण्यांना सांगत असे.

निवृत्त झाल्यावर फोटोची काच बदलायला दिली. फ्रेमवाल्याने चौकट काढली, कडेचा पुठ्ठा बाजूला केला आणि म्हणाला, "सर, स्टूल चांगलं आहे, जुन्या सागाचं दिसतंय." धबधबा स्टुडिओच्या पडद्यावर रंगवलेला होता.

बंदूक मात्र खरी. ठासणीची, म्हणजे आमच्याकडे जिला भरमार म्हणतात ती. तोंडाकडून दारू भरायची, कागदाचा नाहीतर चिंधीचा बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, परत बोळा, आणि सगळं लोखंडी गजाने ठासायचं. मागे बोंडीवर टोपी बसवायची, घोडा ओढायचा, चाप दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. मूळ परवाना निजामाच्या राजवटीतला, उर्दूत. त्यात वाघ-बिबट्यांचा उल्लेख असणार या खात्रीने मी तो एका वयोवृद्ध वकिलांकडून वाचून घेतला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला आणि सांगितलं, "पिकाच्या राखणीसाठी." एवढंच. म्हणजे आमचं घराणं राखणदारांचं निघालं. ही माहिती मी अजून स्टाफरूमपर्यंत जाऊ दिलेली नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम बसला, ते माझ्या पथ्यावर पडलं. 'कायदा आडवा आला, नाहीतर...' एवढं म्हणून हात मागे बांधायला मी मोकळा. परवाना आजोबांवरून वडिलांवर आणि वडिलांवरून माझ्यावर आला. शेत भोकरदन तालुक्यात, आसईपासून सायकलीच्या टप्प्यात. ते कसतो माझा थोरला चुलतभाऊ, नाना. मी जालन्यात राहतो आणि मालक म्हणून काळजी करतो.

आता एवढी वर्षं गप्प पडलेली बंदूक तपासायची लहर मला का आली? तर ऑगस्ट २०२४ मुळे. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, ४५१.४ गुण. गडी तेव्हा रेल्वेत टीसी. मी शाळेत शिक्षक होतो. दोघंही नोकरदार, दोघंही शांत (माझ्या शांतपणाबद्दल घरात मतभेद आहेत), दोघांचंही आडनाव तीन अक्षरी. त्या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे आपल्या शर्टाच्या बटणाएवढं. पन्नास मीटरवरून बटण! मला अंगात काहीतरी सळसळल्यासारखं झालं. बायको म्हणाली, पित्त असेल.

मग अभ्यास सुरू केला. परदेशात नेमबाज लोक काडतुसं घरी भरतात. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रेन झाले की आपली एक गुंज भरते आणि थोडी उरते. प्रत्येक बाराची वहीत नोंद ठेवतात आणि एका दाण्याने दारू कमी-जास्त करून कुठला बार नेमका बसतो ते बघतात. हे वाचून मी सराफ्यातून इवलासा काटा आणला, दोनशे पानी वही आणली आणि उभे रकाने आखले : दिनांक, दारू, बोळा, छर्रे, अंतर, वारा, नेम, शेरा. वाऱ्याच्या रकान्याचा मला विशेष अभिमान होता. "दारू मोजायचीय, जरा बशी दे," असं मी आत ओरडलो तेव्हा हॉलमध्ये शेजारच्या काकू बसलेल्या होत्या. त्या चहा अर्धा टाकून गेल्या.

मुहूर्त दसऱ्याचा धरला. १२ ऑक्टोबर, शनिवार. शस्त्रपूजन करायचं आणि पूजलेलं शस्त्र चालवूनही बघायचं. पोलीस पाटलांच्या कानावर आदल्या दिवशीच घातलं. मी खिशांचं जाकीट घातलं होतं, त्याला अकरा खिसे. शेतावर पोचलो तर नाना धोतराचा सोगा खोचून उभा. त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मास्तर, वायरिंग करायला आलास का?"

रेंज आम्ही बांधाच्या पलीकडे मांडली. विहीर खोदली तेव्हाच्या मातीचा ढीग मागे, म्हणजे छर्रा भलतीकडे जायला नको. त्याच्यापुढे दगडावर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा. अंतर पंचवीस पावलं. नाना म्हणाला, एवढ्या जवळून डबा लाथेनं पण पडंल. मी त्याला बारा गुणांच्या प्रश्नाला एका ओळीत उत्तर लिहिणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

बोळ्यांसाठी मी घरून जुन्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका आणल्या होत्या. कागद जाड आणि शाई पक्की. पहिला बार भरला, टोपी बसवली, श्वास रोखला, चाप ओढला. टोपी 'टक्' वाजली. पुढे काही नाही. नळी खाली न करता मी पुतळ्यासारखा उभा राहिलो, कारण उशिरा पेटणारा बार हा सगळ्यात हलकट, हे पुस्तकात वाचलं होतं. दोन मिनिटं गेली. नानाने तंबाखू मळून खाऊन टाकली. बोंडीच्या भोकात वर्षानुवर्षांची घाण अडकली होती, ती वहिनींच्या डोक्यातल्या पिनेने निघाली. शेऱ्याच्या रकान्यात मी 'तांत्रिक' असं लिहिलं.

परत टोपी लावली. या वेळी मात्र बार उडाला. काय उडाला! दोन्ही कानांना दडे बसले, खांदा सांध्यातून हलल्यासारखा झाला आणि पुढे पांढऱ्या धुराची भिंतच उभी राहिली. त्या धुरातून पेटलेले कागदाचे कपटे तरंगत आले. एक कडब्याच्या गंजीकडे निघाला, तो वहिनींनी चपलेखाली चिरडला. मी उचलून बघितला. कडा जळाल्या होत्या, मधे पोराचं वळणदार अक्षर शाबूत होतं : 'आसईच्या लढाईची कारणे पुढीलप्रमाणे'. धूर विरला. डबा आपल्या जागी, उन्हात चमकत.

आता आसईचा कपटा हातात आल्यावर इतिहासाच्या माणसाने गप्प बसावं, ही अपेक्षा चूक आहे. दुसरा बार भरता भरता मी सुरू झालो. २३ सप्टेंबर १८०३. आपण उभे आहोत त्या टापूत केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज. शंभराच्या आसपास तोफा, पायदळावर पोलमन नावाचा हॅनोव्हरचा माणूस. समोर आर्थर वेलस्ली, वय चौतीस. त्याला केळणा ओलांडायची होती आणि वाटाडे सांगत होते, साहेब, इथे उतारच नाही. साहेबाने दुर्बीण लावली. दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. त्याने ताडलं की दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसली असतील तर मधे उतार असणारच. नाना, हे बघ, हे त्याला कुठल्या लष्करी पुस्तकात सापडलं नसणार. दोन गावं समोरासमोर म्हटल्यावर सोयरिकी आल्या, उसनवारी आली, बांधाची भांडणं आली. पोहून जाऊन कोण भांडतंय? उतार होता. फौज पार झाली.

"मंग वाटाडे काहून न्हाई म्हनले?" नानाने विचारलं.

बत्तीस वर्षांत एकाही पोराने हा प्रश्न विचारला नव्हता. मी दारू ओतता ओतता थांबलो. खरंच, काहून? गावच्याच माणसाला गावचा उतार माहीत नसेल? मला वाटतं, त्यांनी जमेल तेवढी राखण केली. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, पण मी भोकरदनचा आहे, मला तसं मानायला आवडेल.

गाडी रुळावर आणून मी पुढे निघालो. तोफा बंद पडल्या, गोलंदाज मेल्यासारखे पडून राहिले. गोऱ्यांची रांग वरून पुढे गेली तसे त्यातले काही उठले आणि त्याच तोफा मागून त्यांच्यावरच डागायला लागले! (इथे मी बोळा ठासला.) जिंकला तो वेलस्लीच, पण १,५८४ माणसं मेलेली, जखमी आणि बेपत्ता टाकून. (छर्रे सोडले.) पुढे त्याने वॉटर्लूला नेपोलियन हरवला, तरी सगळ्यात चांगली कामगिरी कुठली म्हटलं की आसईचंच नाव घ्यायचा. (परत ठासलं.) आणि त्यांची काडतुसंही हातभरणीचीच बरं का, कागदी! शिपायाने दाताने कागद फाडायचा, दारू ओतायची, गोळी ठासायची. मुरलेला गडी मिनिटाला तीन बार काढायचा. मला एकाला अकरा मिनिटं लागली होती, पण वेलस्लीच्या शिपायांना कुणी प्रश्न विचारत नव्हतं. मी टोपी बसवली, डावा डोळा मिटला, वारा बघितला, माशी डब्याच्या मधोमध धरली आणि चाप ओढला.

आवाज वेगळा आला. बारानंतर लगेच एक लांब, गोड 'ठण्ण'.

धूर गेला. डबा दगडावरून उडून पालथा पडला होता. मी टोपी काढली. खरं सांगतो, त्या क्षणी डोळ्यांत पाणी होतं, थोडं धुराचं, बाकी पॅरिसचं. नाना डब्याकडे गेला, उचलला, आकाशाकडे धरून आरपार बघितला. पुढच्या पत्र्याला करंगळी जाईल एवढं एकच गोल भोक, मागच्या पत्र्याला तसंच. छर्रा एकही नाही.

"मास्तर," तिथूनच तो ओरडला, "गज कुठंय?"

घाबरलेले शिपाई गज नळीतच विसरून बार काढायचे आणि मग उरलेली लढाई हात हलवत बघायचे, हे मी वर्गात दर वर्षी सांगायचो, पोरं हसायची. मी घाबरलेलो नव्हतो. मी शिकवत होतो. वहीत नेमाच्या रकान्यात मी 'अचूक' असं लिहिलं आणि शेऱ्याचा रकाना मोकळा सोडला. नळी फाटली असती तर वही भरायला कोणी उरलं नसतं, हे मात्र परतीच्या वाटेवर, अष्टविनायक टपरीवर चहाचा कप हातात थरथरायला लागला तेव्हा कळलं.

पण त्याआधी वहिनींचं ऐकायचं होतं. त्यांनी डबा हातात घेतला, भोकातून बोट घालून बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, हा राखणीचा डबा व्हता."

मका कणसावर आला की नाना-वहिनी माळ्यावर झोपायला जातात. झोपायला म्हणजे बसायला. रानडुकरांचा कळप शिरला तर खातो थोडं आणि लोळवतो जास्त, सकाळी ताटं अशी पडलेली असतात की रोलर फिरवलाय. रोही आले तर ते उभ्या उभ्या शेंडे खातात. म्हणून रात्रीतून तीन-चारदा उठायचं, डबा वाजवायचा, हाकारे घालायचे, बांधाने एक चक्कर मारायची. वहिनी चकरेला जाताना नानाचे गमबूट घालतात, पायाला दोन माप मोठे, पुढे चिंध्या कोंबलेल्या. सापासाठी. हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, माळ्याच्या खांबाशी उलटे वाळत घातलेले गमबूट. नुकसान झालं तर अर्ज आहे, फोटो आहे, पंचनामा आहे. पण नुकसान होऊ नये म्हणून जी बाई सव्वा महिना सलग चार तास झोपलेली नाही, तिचा रकाना कुठल्याही अर्जात नाही. माझ्या वहीतही नव्हता, आणि मी वाऱ्याचासुद्धा आखला होता. राखणीचा परवाना माझ्या नावावर आहे. मी जालन्यात पंख्याखाली झोपतो.

नवा डबा पाठवतो म्हणालो. वहिनी म्हणाल्या, राहू द्या, वाजतो का बघू.

तीन दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, विधानसभेची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. परवान्याच्या बंदुका जमा करा. लोकसभेला मार्चमध्ये एकदा जमा केली होती, जूननंतर परत मिळाली, आता पुन्हा. शांततेसाठी नियम हवाच, पण आमची बंदूक परत भरायला अकरा मिनिटं लागतात, तिने कोण मतदानकेंद्र ताब्यात घेणार? आणि मका नेमका ऑक्टोबरात पिकतो. डुकरांना आचारसंहिता नसते. ठाण्यात रांगेत माझ्यापुढे एक जण चकचकीत पिस्तूल घेऊन उभा होता, त्याने माझ्या बंदुकीला वाकून नमस्कार केला. टेबलावरचा हवालदार नोंद घेत गेला. दस्ता, आहे. पट्टा, आहे. गज?

"नाही," मी म्हणालो.

"हरवला?"

"नाही. लागला."

त्याने लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं आणि 'गजाविना' असं लिहिलं.

त्या रात्री अकराला नानाचा फोन आला. मला वाटलं, कळप शिरला. आवाज तर उत्साहाचा होता. ढीग उकरला म्हणे, गज सापडला, हातभर आत रुतलेला, केसभरही वाकला नाही. "लाकडाच्या दांडक्यानं डबा नुसता भद भद करायचा रे," तो म्हणाला. "थांब, फोन धरतो. तुझी वहिनी वाजवतीय, ऐक."

फोनमध्ये आधी नुसता वारा आला. मग गमबुटांचा फटफट आवाज. आणि मग, लांबून, पत्र्यावर लोखंड : ठण्ण.