सर अजून चौथीतच!

नेसरीच्या माणसाला संख्याबळाचं अप्रूप नसतं. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर सहा साथीदारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते इथंच. समोर किती आहेत हे मोजत बसायची गावाला सवयच नाही. अपवाद आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या सरांचा. सर आयपी अ‍ॅड्रेस मोजतात.

सरांची हयात आयपीच्या चौथ्या आवृत्तीत गेली. चार आकडे, मधे तीन टिंबं, एकही आकडा २५५ च्या वर नाही. १९२.१६८.१.१ हे ते अशा सुरात म्हणतात की ऐकणाऱ्याचे हात आपसूक जोडले जावेत. सबनेटचं गणित तर गडहिंग्लजची एसटी येईपर्यंत तोंडी सोडवतात, आणि एसटी उशिरा आली तर दुसरंही.

अडचण एवढीच की हे पत्ते संपले. १९८१ साली ३२ बिटांचे सुमारे ४२९ कोटी पत्ते जगाला पुरून उरतील असं वाटलं होतं. ३ फेब्रुवारी २०११ ला मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. मग सुरू झाला सामाईक सातबारा. एकाच पत्त्यावर कंपन्यांनी गिऱ्हाइकांची रांग चढवली. नावं सगळ्यांची, बांध कुणाचाच नाही. बाहेरून हाक आली तर ओ कुणी द्यायची, हेच कळेना. सरांना मात्र या गुंत्याची भारी गोडी. गुंता नसेल तर फी कशाची घ्यायची?

तसा पुढचा वर्ग १९९८ पासून उघडा होता. पाचवी प्रयोगातच राहिली, म्हणून चौथीतून थेट सहावी. १२८ बिट, एकूण पत्ते लिहायला ३९ आकडी संख्या लागते. एका घराच्या वाट्याला जुन्या अख्ख्या इंटरनेटच्या ४२९ कोटी पट पत्ते सहज येतात. गोठ्यातल्या म्हशीला, तिच्या दाव्याला आणि वाळत घातलेल्या प्रत्येक शेणीला वेगळा पत्ता द्या, तरी संपत नाहीत. वाटणी होऊनही भांडण नाही, हा भावकीचा अपमानच म्हणायचा.

पण सांगायचा कसा? आठ गट, मधे कोलन, आकड्यांत ए ते एफ घुसलेले. फोनवर सांगताना सर घामाघूम होतात. "ए आजऱ्याचा, बी बेळगावचा, सी चंदगडचा, डी दाजीपूरचा..." ई आणि एफसाठी पंचक्रोशीत गाव आठवेना, तेव्हा इंग्लंड-फ्रान्स गाठावं लागलं. शून्यांची रांग गिळून तिथं दोन कोलन ठेवायची मुभा आहे, पण एका पत्त्यात एकदाच.

"एकदाच का, सर?"

"दोन ठिकाणी गिळलंस, तर कुठं किती गिळलंस ते कुणाला कळंल रं?"

(हा नियम रस्त्यांच्या कंत्राटांनाही लावायला हरकत नव्हती.)

सरकारनं २०१० साली देशाला सहावीत न्यायचा आराखडा काढला, २०१३ साली त्याची सुधारित आवृत्ती काढली. मग तारखा आल्या, मग त्या तारखांच्या पुढच्या तारखा. कचेऱ्या परिपत्रकं वाचत बसल्या. तेवढ्यात सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि फुकटच्या डेटासाठी रांगेत उभी राहिलेली माणसं, कुणी न विचारता, सहावीत दाखल झाली. आज या पत्त्यांच्या वापरात भारत जगात पहिल्या रांगेत आहे. परीक्षा कुणी दिली नाही, नापास कुणी झालं नाही. मागं राहिले ते फक्त चौथी पाठ असलेले. सरांनी तर क्लासच्या राउटरमध्ये जाऊन सहावीचा खटकाच बंद करून टाकलाय. म्हणे, पोरांचा गोंधळ होतो.

परवा मेंढरामागचे एक मामा क्लासात आले. फोनवर कुठं बोट लागलं कोण जाणे, सेटिंगचं भलतंच पान उघडलेलं.

"सर, ह्यो एवढा लांब नंबर कुणाचा वो?"

सरांनी चष्मा वर केला, खाली केला. कोलन मोजले.

"व्हायरस हाय, मामा. ठेवून जावा, काढून देतो."